मिल्ट्रीच्या खोलीचं काय करायचं?

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ६८. गेली ४० वर्षं मिल्ट्रीच्या जुन्या वस्तू जमवतोय. टोपीचे बिल्ले, पट्ट्यांची बक्कलं, पाण्याच्या छागली, तामचिनी मग, मेडलं, एक संगीन आणि दोन ट्रंका भरून कागद. बेळगावच्या भंगारवाल्यांकडून आणि आसपासच्या बाजारांतून पगारातले चार-दोन रुपये वाचवून घेतलेलं आहे सगळं. पूर्वी आम्ही पाच जण रविवारी जमायचो. आता मी आणि आणखी एक, तेही त्यांचे गुडघे साथ देतील तेव्हा. मुलगा-सून बेंगळुरूला असतात. सुट्टीला आले की सून म्हणते, ही खोली रिकामी करा, माणसांना झोपायला जागा नाही. तिचंही चुकत नाही. नात आठवीत आहे, तिला या वस्तूंची गंमत वाटते, पण तिचं लक्ष मोबाईलवर फोटो काढण्यात जास्त. मुंबईचा एक व्यापारी सगळा माल एकरकमी उचलायला तयार आहे. या छंदाला पुढं काही भविष्य आहे का? की वेळेत विकून मोकळं व्हावं?

जाता जाता एक. माझ्याकडे एक काशाची थाळी आहे, २५-३० वर्षांपूर्वी नंदगडच्या बाजारात किलोवर घेतलेली. तिच्यावर इंग्रजीत एक नाव आहे, आपल्याकडचंच वाटतं. व्यापाऱ्याचा डोळा सगळ्यात जास्त तिच्यावरच आहे. फोटो जोडला आहे.

उत्तर

गुरुजी, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, सोपं आहे, ‘विकू नका, जपा’ असं दोन ओळींत लिहून टाकावं. दुसऱ्यांदा थाळीपाशी अडखळले. छंद, सून, व्यापारी, मित्राचे गुडघे, सगळं नीट सांगितलंत आणि थाळी तेवढी ‘जाता जाता’. म्हणजे झोप तीच उडवतेय. तर आधी तिचंच बोलू.

फोटोत दिसतंय ते असं. साधारण १२ सेंटिमीटर व्यास. हातात पानांचं कडं धरलेली एक बाई, तिच्याजवळ सिंह, वर दोन मासे, ते डॉल्फिन आहेत. एका चौकटीत उठावदार अक्षरांत नाव. कडेनं गोल इंग्रजी ओळ, तिचा अर्थ, ‘तो स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला’. ती जेवणाची थाळी नाही, ब्राँझची आठवणीची तबकडी आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूनं लढताना जे गेले, त्यांच्या घरी सरकारनं अशी एकेक पाठवली. साडेतेरा लाखांच्या आसपास ओतल्या गेल्या. विलायतेत लोक तिला ‘मेलेल्याचा पैसा’ म्हणायचे. आपल्याकडे ती पोस्टानं आली असेल तेव्हा त्या घरात इंग्रजी वाचणारं कुणी असण्याची शक्यता कमीच. स्वातंत्र्यासाठी, म्हणे. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि इथं स्वातंत्र्य यायला आणखी जवळजवळ ३० वर्षं होती.

त्या चौकटीत हुद्दा नाही, पलटण नाही, गाव नाही. हे मुद्दाम केलेलं आहे. कर्नल असो की शिपाई, मेल्यावर सगळे सारखे म्हणून नुसतं नाव. विचार चांगला होता. पण तोच विचार बसऱ्याच्या स्मारकावर पोहोचला नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जे गेले आणि ज्यांची कबर किंवा चितेची जागा सापडली नाही, अशा ४० हजारांवर लोकांचं ते स्मारक. तिथं गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांची फक्त संख्या लिहिली. अमुक पलटण, इतके जण.

आणि मेसोपोटेमिया म्हटलं की आपली माणसं आलीच. ६व्या, पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. टिग्रिस नदीच्या वळणावरच्या कूतमध्ये हे सगळे डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, १४७ दिवस, तुर्कांच्या वेढ्यात अडकले. उपासमार झाली आणि शेवटी सुमारे १३ हजार जण शरण गेले. त्यातले कितीतरी कैदेत, रस्त्यानं चालता चालता संपले. तुमच्या थाळीतला माणूस त्यातलाच होता असं मी म्हणत नाही. तो फ्रान्समध्ये गेला असेल, पूर्व आफ्रिकेत गेला असेल, नाहीतर पुण्याच्या इस्पितळात तापानं गेला असेल. पण तो बसऱ्याच्या त्या आकड्यातला असेल, तर त्याचं नाव धातूत उमटलेलं असं तुमच्या खोलीतच असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून व्यापाऱ्याचा डोळा तिच्यावर आहे. वजनावर तो पैसे देत नाहीये.

नाव मी इथं छापत नाही. घरची माणसं सापडली तर त्यांना ते सदरातून कळू नये.

आता माझी एक गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला द्यायचा मला हक्क नाही. आमचं घर हिंडलग्याकडे. आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. परत आले ते एक जाड लोकरीचा ओव्हरकोट घेऊन. त्याचा रंग धड हिरवा नाही, धड तपकिरी नाही. पावसाळ्यात त्याला ओल्या मेंढरासारखा वास यायचा. आजोबा गेल्यावर तो माळ्यावर पडून राहिला आणि त्याला कसर लागली. १९८० च्या दशकात कधीतरी दारात बोहारीण आली. आईनं विचारलं, देऊ का गं हा? मी कॉलेजात होते, इतिहास घेऊन शिकत होते, हे मुद्दाम सांगते. मी म्हटलं, दे की, किती जागा अडवलीय. त्या कोटावर एक झाकणाचं स्टीलचं पातेलं आलं. ते पातेलं अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. दूध त्यातच तापतं.

पुढं पाच-सहा वर्षांनी आत्या माहेरपणाला आली, तेव्हा म्हणाली, दादांनी, म्हणजे आजोबांनी, त्या कोटाच्या अस्तरात चिठ्ठी शिवून ठेवली होती, तिकडच्या एका मित्राच्या घरचा पत्ता. तो मित्र नदीकाठच्या लढाईत मारला गेला होता, त्याच्या आईला भेटायचं दादांच्या मनात होतं, ते राहूनच गेलं. चिठ्ठी खरंच होती का, मला माहीत नाही. बघायला कोटच नव्हता.

तेव्हा खोली रिकामी करायला माझा विरोध नाही. तुमची सून बरोबर बोलतेय. दोन खोल्यांच्या घरात एक खोली छागलींना द्यायची चैन परवडत नाही. पण रिकामी करण्याआधी अस्तर उसवून बघायचं असतं.

छंदाच्या भविष्याचं विचारलंत. खरं सांगू का, तुम्ही-आम्ही केला तसा छंद, काचेचं कपाट, त्यात मखमलीवर ओळीनं बिल्ले, रविवारी चहा-चिवडा आणि ‘हा माझ्याकडे आहे, तुमच्याकडे नाही’ याची गोडी, तो आपल्याबरोबर जाणार. तिकिटांचं तेच झालं, नाण्यांचंही बरंचसं तेच. आजच्या पोरांना कपाट नको. भाड्याचं घर दर दोन-तीन वर्षांनी बदलायचं, तर ट्रंका कुठं नेणार? यात कुणाचा दोष नाही.

पण एक गोष्ट उलट्या दिशेनं चाललीय. नावं शोधणारे वाढलेत. लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धातल्या पंजाबच्या सैनिकांच्या गावागणिक नोंदवह्या पडून होत्या. त्यातली ३ लाख २० हजारांवर नावं विलायतेतल्या पंजाबी मंडळींनी आणि एका विद्यापीठानं मिळून संगणकावर चढवली आणि २०२१ मध्ये लोकांना खुली केली. नातवंडं, पणतवंडं आपल्या गावाचं नाव घालून बघतात. आपल्या भागासाठी तसं काम कुणी हाती घेईल तेव्हा घेईल, पण पुण्या-बेंगळुरूत नोकरी करणारी आपली पोरंही घरातल्या मेडलाच्या कडेवरचा नंबर मोबाईलमध्ये घालून बघताना मी पाहिलीत. माल जमवणारं गिऱ्हाईक कमी होणार आणि नाव हुडकणारं वाढणार, असा माझा अंदाज आहे. तुमच्या खोलीतली किंमत त्या हिशेबानं लावा.

म्हणजे कशी? तुमच्याकडची मेडलं एकेक करून उजेडात घ्या आणि कड बघा. पहिल्या महायुद्धाचं गोल चांदीचं मेडल, ज्याच्या पाठीवर घोड्यावरचा उघडा स्वार आहे, त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. मजूर दलातल्या लोकांना तेच मेडल चांदीऐवजी ब्राँझचं मिळालं. ते काळपट दिसतं म्हणून लोक टाकून देतात. तुमच्याकडे असेल तर ते आधी बाजूला काढा, कारण सैनिकांच्या मानानं मजुरांची आठवण फार कमी ठेवली गेली. १९१४-१५ च्या चांदणीवर, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या मेडलावर, नाव मागच्या सपाट बाजूला असतं. दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच चांदण्या कोऱ्याच दिल्या गेल्या, त्यांच्यावर नाव नसलं तर नकली समजून खट्टू होऊ नका. मात्र कड घासून गुळगुळीत झाली असेल, किंवा नावाची अक्षरं नवी, उथळ, तिरकी वाटत असतील, तर कुणीतरी जुनं नाव खरवडून नवं घातलेलं असू शकतं. त्याच्याशेजारी खात्रीचं एक मेडल ठेवून व्यास मोजून बघा, घासलेलं किंचित लहान भरतं.

चांदीच्या मेडलांचं एक दुःख आहे. १९८० च्या सुमाराला जगभर चांदी भडकली, तेव्हा अशी मेडलं ढिगानं आटवली गेली. त्यात साधारण तीन तोळ्यांच्या जवळपास चांदी असते, सोनाराला कडेवरच्या नावाशी काय देणंघेणं! आज चांदी पुन्हा वर आहे. तुमचा व्यापारी तसा आहे असं मी म्हणणार नाही, पण एकरकमी माल घेणारा माणूस नाव आणि धातू यांतला फरक करतोच असं नाही.

आणि कागद. गुरुजी, पत्रात तुम्ही ‘दोन ट्रंका भरून कागद’ असं छागली-बक्कलांच्या रांगेत शेवटी लिहिलंत. त्या ट्रंका सगळ्यात आधी उघडा. डिस्चार्जचं पुस्तक, पेन्शनचा कागद, पगाराची वही, सेन्सॉरचा शिक्का असलेलं पत्र, मनीऑर्डरची पावती. बिल्ला लाखोंनी निघाला, पण ही पावती एकच होती. कागदाशिवाय वस्तू मुकी कशी होते, त्याचं मराठा पलटणीतलंच उदाहरण देते. डिसेंबर १९७१, पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर. आपली जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, तिथल्या पाकिस्तानी ठाण्याला वेढा घालून होती. ब्रिगेडकडून शरण येण्याबद्दल चिठ्ठी गेली. समोरच्या कर्नलनं उत्तर पाठवलं, आणि कागदात एक गोळी गुंडाळली. ती गोळी आज कुणी चिठ्ठीशिवाय टेबलावर ठेवली तर कोण विचारणार? ७.६२ मिलिमीटरची एक गोळी, बस्स.

आता एक गोष्ट जरा रागावून लिहिते. तुम्ही ४० वर्षं १९१८ आणि १९४५ च्या मागं धावलात. माझे वडीलही तसेच. १९६१ साली गोव्यात शिरण्याआधी १७वी डिव्हिजन आपल्या बेळगावात जमत होती. ते ट्रक, ते तंबू डोळ्यांनी बघितलेले लोक आज ८० च्या आसपास आहेत, आणि तुमच्या गावात नक्की दोन-चार आहेत. १९६५ आणि १९७१ ची युद्धं लढलेले फौजी पेन्शनर अजून पारावर बसतात. त्यांच्याकडे १९७१ च्या युद्धाचं संग्राम मेडल, पूर्वी स्टार पेटीत आहे आणि तोंडात अख्खी गोष्ट आहे. पुढचा छंद तिथं आहे. वस्तू त्यांच्याच घरी राहू दे, मागू नका. फोटो काढा, कहाणी वहीत उतरवा, तारीख घाला, खाली त्यांची सही किंवा अंगठा घ्या. या कामासाठी खोली लागत नाही, सूनबाईही काही म्हणणार नाहीत.

थाळीचा माग काढायची रीत सांगते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. तिथं हिंदी सैनिकांच्या बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. नातीला बसवा. जिल्ह्याच्या जागी बेळगाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं घालायचं, आणि प्रांत मुंबई. आजचं बेळगावी घातलंत तर काही सापडणार नाही, ते नाव सरकारदरबारी २०१४ मध्ये आलं. १ नोव्हेंबर १९५६ आधीच्या कोणत्याही कागदावर आपण मुंबईकडचेच आहोत. गावांच्या नावांची तर साहेबानं पार वाट लावलेली आहे, तेव्हा उच्चार करून करून बघा. तुम्ही शाळेत बाराखडी शिकवलीय, हे तुम्हाला जमेल. आडनाव नसलं, नुसतं नाव आणि बापाचं नाव असलं, तर घाबरू नका, त्या काळी तसंच लिहीत.

त्या यादीत एकाच नावाचे पाच निघतील. म्हणून दुसरं टोकही धरा. नंदगडला तुम्ही ती कुणाकडून घेतली, तो भंगारवाला कोणत्या गावांत फिरायचा, त्याचा मुलगा आता काय करतो, हे आठवा. त्या भागातल्या एखाद्या चावडीत, देवळात, शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असेल तर बघा, ‘या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, पैकी इतके कामी आले’ अशी. या पाट्याही शिपायांची नावं सांगत नाहीत, नुसता आकडा. पण आकडा एक असेल तर तोही पुरतो.

घर सापडलं तर थाळी परत द्यायची का? द्या, असंच मला वाटतं, पण एकदम जाऊन हातात ठेवू नका. एका घरात काय झालं ते ऐकलंय. थाळी परत मिळाली आणि चार भावांत वाटणीचा वाद पेटला, ती आता एका वकिलाच्या कपाटात आहे. आधी नुसता फोटो घेऊन जा. चहा घ्या. त्यांना कोण आठवतंय ते ऐका. त्यांनाच नको असेल, तर त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या आणि मग ती कुठं ठेवायची ते ठरवा.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून आहे आणि तिथं पलटणीचं संग्रहालय आहे. तिथं पत्र लिहून विचारा, यादी आणि फोटो जोडून. अचानक ट्रंक घेऊन गेटवर उभे राहू नका, ती लष्कराची जागा आहे. सगळं घेतील अशी आशाही धरू नका. कोणत्याही संग्रहालयात १०० छागली आधीच असतात. नावाच्या आणि कागदाच्या वस्तू दाखवा. देताना कुणाची, कुठून मिळाली, हे लेखी द्या आणि पोच घ्या.

उरलेलं विका की! बिननावाची बक्कलं, मग, छागली, दुहेरी झालेले बिल्ले विकण्यात काही पाप नाही. हौसेला मोल नसतं, पण औषधाला लागतं. फक्त एकरकमी देऊ नका. यादी करा, प्रत्येकावर आकडा मागा. आणि माल परदेशात जाणार असेल तर सरळ नाही म्हणा. १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यानं १०० वर्षं जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखित-कागदपत्रांना ही मर्यादा ७५ वर्षांचीच आहे. तुम्ही ते घेतलंत तेव्हा पहिल्या महायुद्धाची मेडलं ७०-८० वर्षांची होती. आता तुमच्या खोलीतच त्यांनी शंभरी गाठली. १९४४ च्या पत्रांनीही आपली मर्यादा ओलांडलीय. अशा वस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो, तेव्हा व्यापाऱ्याला तो दाखवायला सांगा. त्याच्या चेहऱ्यावरून बरंच कळेल.

संगीन. ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. १९०७ च्या पॅटर्नची असेल तर पातं १७ इंचांचं असतं. शस्त्र नियमांच्या यादीत तलवार, खंजिरांबरोबर संगिनीचं नाव स्पष्ट आहे. परवाना लागतो की नाही हे भागागणिक सरकारी अधिसूचनेवर ठरतं, म्हणून माझ्या किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. ती घरीच ठेवून, फोटो आणि अर्ज घेऊन ठाण्यात जा, पोच घ्या. अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या, काम लवकर होतं. सीमाप्रश्न संगिनीच्या अर्जावर सोडवायला जाऊ नका. ट्रंकेत रिकामी काडतुसं असतील तर त्यांचाही उल्लेख करा, आणि ती खिशात ठेवून नातीला भेटायला विमानानं बेंगळुरूला तर मुळीच जाऊ नका. गोल, खाचांचा, लोखंडी अननसासारखा काही तुकडा असेल आणि तो पोकळ आहे अशी तुमची खात्री नसेल, तर तो हातबॉम्ब असू शकतो, हात लावू नका, ११२ ला फोन करा. ८० वर्षांत दारू विझत नाही, कधी कधी जास्तच बिघडते.

नातीचं राहिलं. तिचं लक्ष फोटो काढण्यात जास्त, ही तुमची तक्रार मला पटली नाही. हेच तर काम आहे! सकाळी खिडकीपाशी पांढरं मांजरपाट पसरा, वस्तू ठेवा, शेजारी तिची पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. समोरून, मागून, कडेनं, तीन फोटो. तुम्ही सांगा, तिनं लिहायचं. नंबर, काय आहे, कुणाकडून, कोणत्या साली, काय ऐकलं. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असंच लिहा, गोष्ट रचू नका. मराठीत लिहा, नावं इंग्रजीत जशीच्या तशी. मे महिन्याच्या सुट्टीत एक ट्रंक होईल. दुसरी दिवाळीत. व्यापाऱ्याला तोवर थांबायला सांगा. थांबला नाही तर त्याची गरज तुमच्यापेक्षा मोठी आहे असं समजा.

कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका. खानापूरचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. पावसाळ्यात ट्रंक जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवा.

आणि फोटोत त्या थाळीचा सिंह एका बाजूनं चपटा झालेला दिसतोय, नावातलं पहिलं अक्षरही पुसट आहे. कुणीतरी दर दसऱ्याला घासलीय. तुम्ही असाल तर आजपासून बंद करा. पितांबरी आणि चिंच दोन्ही सूनबाईंच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवा.